नकाशावरचा एक शब्द: एका गुंठेवारी वसाहतीच्या नियमितीकरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या कडेचं आहे. शहराचं, वसाहतीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. ओळख पटेल असे तपशील आणि काही आकडेही थोडे बदलले आहेत. घडलं ते मात्र असंच घडलं.

मी स्थापत्य अभियंता आहे. मोजणी, नकाशे आणि परवानगीच्या फायली हे माझं रोजचं काम. या वसाहतीशी माझा संबंध 2021 च्या दिवाळीनंतर आला.

मूळ जमीन एका शेतकऱ्याची, तीन एकर जिरायत. जवळच एमआयडीसी वाढली, कंपन्यांमध्ये कामाला येणाऱ्यांची रीघ लागली आणि 1998 च्या सुमाराला एका एजंटाने या शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले. वीस बाय तीसचा प्लॉट, म्हणजे 600 चौरस फूट. अर्ध्या गुंठ्याहून थोडा जास्त, कारण गुंठा 1,089 चौरस फुटांचा. बिनशेती परवानगी नाही, मंजूर ले-आउट नाही. शेतजमीन अशी गुंठा-अर्ध्या गुंठ्यात विकणं म्हणजेच गुंठेवारी. एजंटाकडे निळ्या कागदावरचा एक नकाशा होता, तोच घेणाऱ्यांना दाखवला जायचा. त्यात 139 प्लॉट, पंधरा फुटी मुख्य रस्ता, बारा फुटी गल्ल्या आणि मधोमध एका चौकोनात ‘मंदिर व गार्डन’ असं लिहिलेलं होतं.

लोकांनी असे प्लॉट का घेतले, हा प्रश्न अधिकारी वर्गातून नेहमी येतो. उत्तर साधं आहे. रीतसर ले-आउट म्हणजे रुंद रस्ते, एक एकराच्या पुढच्या जमिनीवर दहा टक्के मोकळी जागा, बिनशेतीचा खर्च आणि परवानगीच्या मागे घालवलेली वर्षं. हे सगळं प्लॉटच्या भावात येतं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या कामगाराला तो भाव झेपत नाही. शेतकऱ्यालाही विकासकापेक्षा गुंठ्यावर विकण्यात जास्त पैसे मिळतात. दोघांनाही परवडतो तो एकच व्यवहार, आणि कायदा नेमका तोच नाकारत होता. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे त्या भागासाठी ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा शेतजमिनीतून तेव्हा विकता येत नव्हता.

त्यामुळे कागद तीन तऱ्हेचे झाले. 148 पैकी 61 प्लॉटचं नोंदणीकृत खरेदीखत होतं. 70 जणांकडे बाँड पेपरवर लिहून दिलेलं आणि नोटरी केलेलं. उरलेले 17 प्लॉट दोन-तीन हात फिरलेले आणि मधल्या व्यवहाराचा कागदच नाही. सातबारा मात्र सगळ्यांचा एकच होता आणि त्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच.

139 चे 148 कसे झाले, हे पुढे महत्त्वाचं ठरतं. एजंटाने 2004 पर्यंत ‘गार्डन’चा चौकोनही नऊ प्लॉट पाडून विकून टाकला होता.

अडचण

गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हा घरपट्टीची पावती मिळायची आणि लोक तिलाच मालकीचा कागद समजायचे. हद्द वाढली, वसाहत महानगरपालिकेत आली. मनपानेही कर लावला, पण करपावतीने बांधकाम अधिकृत होत नाही, हे लोकांना पहिल्यांदा बँकेच्या टेबलावर कळलं. गृहकर्ज नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात, तिथेही जागेची मालकी आणि बांधकाम परवानगी लागते. नळाची लाइन नाही, टँकर. ड्रेनेज नाही, प्रत्येकाची टाकी. आणि 31 घरांच्या टाक्या चक्क गल्लीच्या खाली खणलेल्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सरकारी जमिनीवरच्या झोपडीला आपल्याकडे ठरावीक तारखेपर्यंतचं कायदेशीर संरक्षण आहे. पैसे मोजून जमीन घेणाऱ्या गुंठेवारीतल्या माणसाला ते नाही आणि मालकाचे हक्कही नाहीत. तो दोन्ही यादींच्या बाहेर राहतो. चोरी केली नाही तरी चोरासारखं राहावं लागतं, हे मी तिथे पंचवीस वर्षं राहणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

राज्याचा गुंठेवारी कायदा 2001 चा. त्यात 1 जानेवारी 2001 पर्यंतचेच प्लॉट नियमित होऊ शकत होते. या वसाहतीतले बरेच प्लॉट त्यानंतरचे, म्हणून ती वीस वर्षं तशीच राहिली. 2021 च्या दुरुस्तीने ही तारीख 31 डिसेंबर 2020 वर आली आणि दार उघडलं. पण त्याच वर्षी 12 जुलैच्या परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांच्या खरेदीखतांची नोंदणी जवळपास थांबली. औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये ते परिपत्रक रद्द केलं, पण मधल्या दहा महिन्यांत बाँडवाल्या लोकांना कागद पक्के करायचा मार्ग नव्हता. एका कुटुंबाला दवाखान्याच्या खर्चासाठी प्लॉट विकायचा होता. त्यांना तो बाँडवर, निम्म्या भावात द्यावा लागला.

त्यातच मनपाकडून निरोप आला की मुदतीत फाइल दाखल करा, नाहीतर कारवाई. दुसऱ्या आठवड्यात फाइल करून देणारे दलाल घरोघरी फिरू लागले.

समोरचे पर्याय

पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. तिथे चार मतं पुढे आली.

पहिलं, ज्याने त्याने आपापली फाइल करावी. ज्यांचं खरेदीखत होतं ते या बाजूचे. त्यांचं काम तीन महिन्यांत झालं असतं. पण मग बाँडवाले आणि कागद नसलेले एकटे पडले असते, आणि गल्लीच्या रुंदीबद्दल, टाक्यांबद्दल बोलायला कुणी उरलं नसतं. नियमित झालेला प्लॉट गल्लीसाठी एक फूटही मागे सरकत नाही.

दुसरं, सगळ्या वसाहतीचा एकच मोजणी नकाशा करून फायली एकगठ्ठा द्याव्यात. या कायद्याखाली जमा होणारी रक्कम त्या त्या ले-आउटच्या स्वतंत्र शीर्षाखाली ठेवून तिथल्याच सोयींवर खर्च करायची तरतूद आहे. एकत्र गेलो तर तो पैसा इथल्या ड्रेनेजसाठी मागता येईल, हा माझा मुख्य मुद्दा होता. अडचण अशी की यात सगळ्यात कच्च्या कागदाच्या वेगाने सगळ्यांना चालावं लागतं.

तिसरं, कोर्टातून स्थगिती आणावी. एका वकिलांनी तयारीही दाखवली. स्थगितीने घर वाचतं, पण कागद आहे तिथेच राहतो. हे लोकांनाच आधी समजलं.

चौथं एका स्थानिक पुढाऱ्याचं. वसाहत झोपडपट्टी म्हणून घोषित करून घ्या, बिल्डर येईल, इमारत होईल, प्रत्येकाला 300 चौरस फुटांची सदनिका. त्यावर एक मावशी उठून म्हणाल्या, “सहाशे फुटाचे पैसे मोजलेत आम्ही, आन् तीनशे फुटासाठी झोपडपट्टीवाले म्हणवून घ्यायचं?” तो विषय तिथेच संपला.

मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने बोललो. आजही तो निर्णय बरोबरच वाटतो. चुकलो ते त्याच्या अंमलात.

काय केलं

दोन रविवारी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) लावून मोजणी केली. तंत्रनिकेतनची आठ मुलं मदतीला होती. प्रत्येक घराचा कोपरा, ओटा, पायरी, टाकीचं झाकण, विजेचा खांब, सगळं नोंदवलं. घराघरातून कागदांचे फोटो घेतले. नकाशा तयार झाला तो पाराच्या भिंतीवर लावला, म्हणजे सगळ्यांना पाहता येईल, चुका सांगता येतील.

त्या नकाशावर मी नाल्याकाठच्या सहा घरांना निळा रंग दिला होता. आणि मधल्या नऊ घरांवर लाल रेघा मारून लिहिलं होतं: ‘मोकळी जागा (अतिक्रमण)’.

संध्याकाळी त्या नऊ घरांतले पुरुष माझ्या घरी आले. भांडायला आले नव्हते, ते आजही मला जास्त लागतं. त्यातल्या वयस्कर माणसाने पिशवीतून बाँड काढून टेबलावर ठेवला. “सर, आम्हीबी रोख पैशे दिलेत. एजंट तोच, कागद तसाच. मग आमचंच अतिक्रमण कसं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो शब्द मी सवयीने लिहिला होता. मंजूर ले-आउटच्या नकाशांवर वर्षानुवर्षं लिहीत आलो, तसा.

दुसऱ्या दिवशी नकाशा खाली घेतला, पण तोवर शब्द वसाहतभर झाला होता. बाकीचे लोक म्हणू लागले की यांच्यामुळे सगळ्यांच्या फायली अडकणार. एका गल्लीत टँकर आला तर त्या नऊ घरांच्या बायकांना रांगेत मागे उभं केलं गेलं. खरेदीखतवाल्या वीसेक जणांनी वेगळी फाइल करायचं ठरवून दलालाला आगाऊ रक्कमही दिली.

मी नगररचना विभागातल्या एका अनुभवी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, “ही मोकळी जागा कुणी मंजूर केली?” कुणीच नाही. “मग कागदावर ती मोकळी जागा नाहीच. ते नऊ प्लॉट बाकीच्या 139 सारखेच विनापरवाना पाडलेले प्लॉट आहेत. विकास आराखड्यात तिथे आरक्षण आहे का? नाही. मग ते या कायद्यात बसतात.”

कायद्याचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. उरला तो शेजाऱ्यांमधला प्रश्न आणि तो खरा होता. बाकीच्यांनी बाग असलेल्या वसाहतीतला प्लॉट म्हणून पैसे दिले होते. त्यांच्या पोरांना खेळायला जागा नव्हती. फसवणूक त्यांचीही झाली होती, फक्त फसवणारा केव्हाच निघून गेला होता आणि समोर नऊ घरं उभी होती.

याच काळात सातबाऱ्याचं काम पुढे आलं. मूळ शेतकरी वारले होते. वारस फेरफाराने दोन मुलगे आणि तीन मुली अशी पाच नावं चढली होती. बाँडवाल्यांच्या फायलींना या पाचही जणांचं संमतीपत्र लागणार होतं. भाऊ तयार होते, विकून पैसे त्यांनीच घेतले होते. बहिणींना मात्र जमीन विकल्याचंच कुणी सांगितलं नव्हतं. त्यातली थोरली आम्हाला म्हणाली, “आमच्या सह्या आत्ता आठवल्या का?” तिचं काही चुकलं नव्हतं. वडिलांच्या जमिनीत त्यांचा हक्क होता आणि त्यातला रुपयाही त्यांच्या हातात आला नव्हता.

नकाशावर पुन्हा पाहिलं तेव्हा एक गोष्ट दिसली. नाल्याच्या काठाने पाच गुंठ्यांची एक पट्टी विकायची राहून गेली होती. बांधकामाला निरुपयोगी, पण सातबाऱ्याने ती वारसांचीच. पाच गुंठे म्हणजे 5,445 चौरस फूट. बागेतल्या नऊ प्लॉटचं क्षेत्र 5,400. ही पट्टी वसाहतीची मोकळी जागा झाली तर गेलेली बाग परत मिळत होती आणि नऊ घरांवरचा ठपकाही जात होता.

यासाठी चार बैठका झाल्या. दोन माझ्या घरी, कारण बहिणींना वसाहतीत यायचं नव्हतं. वसाहतीतल्या बचत गटाच्या बायका त्या बैठकांना आल्या आणि बोलणं त्यांनीच पुढे नेलं. मी सुरुवात करत होतो कलमांपासून. त्यांनी सुरुवात केली ती ‘तुमच्यावर अन्याय झाला’ इथून. शेवटी ठरलं असं: पट्टी मनपाच्या नावे मोकळी जागा म्हणून द्यायची, त्याबद्दल वसाहतीने घरटी 3,000 रुपये काढून ती रक्कम तीन बहिणींना द्यायची आणि पाचही वारसांनी संमतीपत्रावर सह्या करायच्या. 140 घरांपैकी 120 घरांनी पैसे दिले. 3,60,000 जमले, प्रत्येक बहिणीला 1,20,000. नऊ घरांनी सगळ्यात आधी दिले.

गल्ल्यांचं काम त्यामानाने सोपं गेलं. कुठली पायरी किती मागे घ्यायची, हे घरमालकासमोर खडूने आखलं. मुख्य रस्ता पंधराचा अठरा फूट झाला. गल्लीतल्या 31 टाक्यांपैकी 19 लोकांनी आपल्या हद्दीत घेतल्या, बाकीच्यांनी ड्रेनेज लाइन आल्यावर बुजवण्याचं लिहून दिलं.

निष्पत्ती

2022 च्या अखेरीला फायली एकगठ्ठा दाखल झाल्या. दलालाकडे गेलेल्या वीसेक जणांपैकी बहुतेक परत आले. पुढच्या वर्षभरात नियमितीकरणाची प्रमाणपत्रं टप्प्याटप्प्याने मिळाली. नऊ घरांची पहिल्याच गठ्ठ्यात होती. ज्यांना शुल्क एकरकमी भरता आलं नाही, त्यांतल्या काहींना बचत गटाने कर्ज दिलं.

नळाची लाइन आली. ड्रेनेजचं काम मुख्य रस्त्यापर्यंत झालं, आतल्या गल्ल्या बाकी आहेत. ले-आउटच्या शीर्षाखाली किती रक्कम जमा झाली आणि त्यातली किती इथे खर्च झाली, याचा हिशेब आम्ही तीनदा लेखी मागितला. तो अजून मिळालेला नाही. एकत्र फायली करण्याचं मी सगळ्यात मोठं कारण हेच सांगितलं होतं, म्हणून हे इथे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

नाल्याकाठच्या पट्टीवर लोकांनी कडुनिंब आणि करंज लावलेत. पोरं तिथे क्रिकेट खेळतात.

11 प्लॉटच्या फायली झाल्याच नाहीत. मधला कागद नाही, विकणारा सापडत नाही. आणि नाल्याकाठची सहा घरं नामंजूर झाली, कारण ती नाल्यापासून सोडायच्या अंतरात येतात.

वेगळं काय करता आलं असतं

नकाशा भिंतीवर लावण्याआधी त्या नऊ घरांत बसायला हवं होतं. हे आता उघड वाटतं, तेव्हा सुचलं नाही. मोजणी नकाशावर जे दिसतं तेवढंच लिहावं: घर, ओटा, प्लॉट क्रमांक. कायदेशीर विशेषण लावणं हे मोजणाऱ्याचं काम नाही. त्यानंतर मी कुठल्याच गुंठेवारी नकाशावर तो शब्द लिहिलेला नाही.

बहिणींकडे आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. सातबारा तर पहिल्या दिवसापासून समोर होता. आधी गेलो असतो तर रकमेबद्दल त्यांना घासाघीस करावी लागली नसती. दिलेली रक्कम न्याय्य होती का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पट्टीची किंमत म्हणून ती ठीक होती, पण त्यांच्या सह्यांवर 70 घरांचं भवितव्य अवलंबून होतं आणि तीन एकरांतला त्यांचा हिस्सा भावांनी कधी दिलाच नव्हता. वसाहतीने भावांकडूनही वाटा मागायला हवा होता. भाऊ संमतीला तयार आहेत म्हणून आम्ही त्यांना दुखवलं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र जमिनीच्या हिशेबाची होती आणि ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. वसाहतीत तेव्हा आठ प्लॉट रिकामे होते. शहरातल्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले. 2021 मध्ये वसाहतीवर कारवाईचं सावट होतं, बाँडवरच्या व्यवहाराला भाव नव्हता. यातले निदान सहा प्लॉट तेव्हा नाल्याकाठच्या घरांसाठी मिळवता आले असते. विकत, किंवा शुल्काचा बोजा वसाहतीने उचलायच्या बदल्यात. सहा घरं हलवली असती तर नालाही मोकळा झाला असता. हा पर्याय आमच्या कुठल्याही बैठकीत निघाला नाही. आम्ही प्रत्येक प्लॉटकडे एका माणसाची फाइल म्हणून पाहत होतो. तीन एकर एकत्र पाहिले असते तर कुठली जागा धोक्याची आणि कुठली रिकामी, हे एकाच कागदावर समोर होतं.

त्या आठही प्लॉटच्या मालकांकडे पक्की खरेदीखतं होती. त्यांच्या फायली सगळ्यात आधी मंजूर झाल्या. नियमितीकरण झालं तसे भाव चढले आणि दोन वर्षांत दुपटीच्या पुढे गेले. त्यात आमच्या रुंद केलेल्या रस्त्याचा आणि नळाच्या लाइनचाही वाटा होता. मी 2023 मध्ये त्यातल्या तिघांना भेटलो तेव्हा त्यांनी सांगितलेली किंमत नाल्याकाठच्या कुठल्याच कुटुंबाला झेपणारी नव्हती. नियमितीकरणाने 131 प्लॉटना कागद मिळाला, पण त्याच कागदाने त्या सहा घरांची वाट बंद केली. आता कुठल्याही वसाहतीत काम घेतलं की मी आधी रिकाम्या प्लॉटची आणि धोक्यातल्या घरांची यादी शेजारी-शेजारी मांडतो, फायलींचं बोलणं त्यानंतर.

सहापैकी एका कुटुंबाने मागच्या पावसाळ्यात घर सोडलं आणि दोन किलोमीटर पुढे, हद्दीबाहेरच्या एका शेतात वीस बाय तीसचा प्लॉट घेतला. बाँडवर. उरलेल्या पाच घरांसाठी आम्ही मनपाकडे पुनर्वसनाचा अर्ज दिला आहे. तो जूनपासून टेबलावर आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बचत गटाच्या दोघी-तिघी जणी आणि मी तिथे जाऊन विचारून येतो.